मुखवटे शंभर, हार एकच

"काका, तुमच्या त्या जुन्या गेममध्ये दहाच वंश. आम्हाला हवे तेवढे बनवता येतात. मग खोली कशात जास्त, तुम्हीच सांगा!"

माहीममध्ये आमच्या इमारतीत कॉलेजात जाणारी काही पोरं आहेत, अवकाशात साम्राज्यं उभारायच्या गेमची वेडी. त्यांच्या या युक्तिवादाला मी बरेच दिवस नुसतं हसून उत्तर दिलं. पण हेच विधान आता जाहिरातीत दिसतं, परीक्षणांत दिसतं, पैसे मोजून गेम घेणाऱ्या शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडीही ऐकू येतं, आणि पुरावा म्हणून पुढे केला जातो तो निव्वळ आकडा. तेव्हा एकदा सविस्तर भांडावं म्हणतो. फॅक्शनच्या, म्हणजे खेळायला मिळणाऱ्या वंशांच्या किंवा पक्षांच्या, संख्येवरून खोली ठरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन फॅक्शन खरोखर निराळ्या आहेत का, हे त्या जिंकतात कशा यावरून फारसं कळत नाही. त्या हरतात कशा हे बघावं लागतं. ज्या गेममध्ये सगळे एकाच तऱ्हेनं बुडतात, तिथे वंश चाळीस असोत की चारशे, तुम्ही एकच डाव पुन्हा पुन्हा मांडत असता.

पोरं ज्याला हिणवतात तो गेम म्हणजे १९९३ चा 'मास्टर ऑफ ओरायन'. सिमटेक्स नावाच्या कंपनीनं केलेला. त्याच्याबद्दल लिहितानाच ॲलन एमरिक या अमेरिकन समीक्षकानं 'फोर-एक्स' हे नाव पाडलं: धुंडाळा, पसरा, उपसा, संपवा. पुढे हा सगळा प्रकारच त्या नावानं ओळखला जाऊ लागला. आपल्याकडे असल्या गेमच्या सीड्या लॅमिंग्टन रोडला मिळत. असली की नकली हे विचारायची रीत नव्हती. तर त्या गेममध्ये दहा वंश होते हे खरं. त्यांतले सिलिकॉइड अंगानं दगडी, कुठल्याही विषारी ग्रहावर बिनदिक्कत राहणारे, प्रदूषणाची फिकीर नसलेले, पण त्यांची पैदास मुंगीच्या पावलानं. सिलॉन संशोधनात सगळ्यांच्या पुढे. डार्लॉक हेरगिरीत तरबेज. खरी गंमत मात्र वंशांच्या यादीत नव्हती. प्रत्येक डावात तंत्रज्ञानातले काही शोध तुमच्या वाट्याला येतच नसत. नशिबात नसलेला शोध हवा असेल तर शेजाऱ्याशी सौदा करा, नाहीतर चोरा. त्यामुळे तोच वंश घेऊन पुन्हा बसलात तरी मागच्या खेपेची युक्ती हाताशी असेलच याची खात्री नसे.

१९९६ मध्ये दुसरा भाग आला. तेरा वंश, शिवाय आपला वंश आपणच घडवायची सोय. दहा गुण हाती, गुण खर्चून सद्गुण घ्यायचे. दुर्गुण पत्करले तर आणखी दहापर्यंत गुण मिळायचे. पोरं ज्या स्वातंत्र्याचा डंका पिटतात त्याची गंगोत्री ही. आता या स्वातंत्र्याचं झालं काय? 'रिपल्सिव्ह', म्हणजे सगळ्यांना किळस यावी असा वंश, हा दुर्गुण घेतला की सहा गुण परत मिळत आणि बदल्यात परराष्ट्र व्यवहार जवळजवळ बंद होई. सर्वांत अवघड पातळीवर कॉम्प्युटर तसाही मैत्रीला फारसा भीक घालत नसे. मग मुरलेले खेळाडू डोळे झाकून किळसवाणे होऊ लागले. सहा गुण फुकट! जे गमावल्यानं काही बिघडत नाही ते विकायचं आणि जे हमखास चालतं ते विकत घ्यायचं. कागदावर हजारो वंश शक्य होते, खेळणाऱ्यांच्या हातात मूठभर उरले. हवं ते निवडायची मोकळीक दिली की माणूस वेगळेपणा निवडत नाही, नफा निवडतो. वेगळेपणा हवा असेल तर तो गेम करणाऱ्यानं लादावा लागतो, आणि तो जाचक असावा लागतो.

आता पोरांच्या लाडक्या 'स्टेलारिस'कडे येऊ. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा हा गेम २०१६ मधला, आणि मी तो आवडीनं खेळतो, हे आधीच सांगून टाकतो. त्याच वर्षी 'प्लँटॉइड्स' नावाची पुरवणी विकायला आली. वनस्पतींपासून उत्क्रांत झालेले जीव! कल्पना झकास. मिळालं काय? चेहरे आणि जहाजांची नवी घडण. पानं फुटलेला तो प्राणी बाकीच्यांसारखंच अन्न खाई, तसाच वाढे, तसाच मरे. वनस्पतीला शोभतील असे खेळावर परिणाम करणारे गुण त्याला मिळाले ते २०२१ मध्ये, तब्बल पाच वर्षांनी. आमच्या माहीम हलव्याच्या चौकोनी चकत्या पिवळ्या, हिरव्या, केशरी मिळतात. कागद काढून डोळे मिटून तोंडात टाकली तर रंग ओळखून दाखवा. ती पुरवणी तशी होती, आणि जाहिरातीत मात्र तिच्यातल्या प्रत्येक चेहऱ्याची मोजदाद 'विविधता' म्हणून.

याच गेमच्या २०१७ च्या 'सिंथेटिक डॉन' पुरवणीत मात्र एक यंत्रांचं साम्राज्य आहे, 'रोग सर्व्हिटर'. ही यंत्रं आपल्या निर्मात्यांची सेवा करायला बनलेली. सेवा करता करता त्यांनी सगळा कारभारच हाती घेतला आणि मालकांना सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवलं. या फॅक्शनला सजीव प्रजा हवी असते ती राबवायला नाही, लाड करायला. जितके सजीव सुखात, तितकी यंत्रं जोमात. लढाई जिंकून परका ग्रह घेतला की इतर साम्राज्यं तिथल्या लोकांना खाणीत धाडतील. तुम्ही त्यांच्यासाठी अभयारण्य बांधता. त्यामुळे सजीवांचा ग्रह हातचा गेला की नुसतं उत्पन्न जात नाही, यंत्रांच्या जगण्याचं कारणच जातं. पुरवणी विकणाऱ्याच्या लेखी ही एक फॅक्शन आणि वनस्पतींचा एक चेहरा यांचं वजन सारखंच. पोरांनो, तुम्हीही तसंच मोजणार असाल तर तुमच्याशी बोलणंच खुंटलं.

वेगळेपणा जाचक असावा म्हणजे काय, हे पाहायचं तर 'सोर्ड ऑफ द स्टार्स' उघडा. २००६ साल, व्हँकुव्हरची कर्बेरोस नावाची छोटी कंपनी. सुरुवातीला वंश फक्त चार. पण त्यांनी एक गोष्ट अशी केली की तिच्यामुळे उरलेलं सगळं आपोआप बदललं: प्रत्येक वंशाला ताऱ्यांमध्ये प्रवास करायची रीतच निराळी दिली. माणसं अदृश्य वाटांवरून जातात, त्या भरधाव असतात, पण वाट जिथे नाही तिथे जायचं नाव काढू नका. शेजारचा तारा डोळ्यांसमोर, आणि वाट चार तारे फिरून. टार्का सरळ रेषेत जातात, फार जलद नाही, फार हळू नाही. लिर हे समुद्री प्राणी. मोकळ्या अवकाशात त्यांचा वेग विलक्षण, ताऱ्याजवळ गुरुत्वाकर्षण वाढलं की ते मंदावतात. आणि हायव्हर? या कीटकांना प्रकाशापेक्षा जलद जाताच येत नाही. रखडत, वाटेत खेळीमागून खेळी घालवत एकेका ताऱ्याला पोचायचं, पोचलं की तिथे दार उभारायचं. दार उभं राहिलं की साम्राज्यातल्या कुठल्याही दारातून या दारात एका खेळीत आरमार हजर!

हायव्हर घेऊन बसलात की बाकीच्या वंशांसोबत कमावलेली सवय कुचकामी ठरते. चढाई म्हणजे अनेक खेळी आधी ठरवलेला बेत. ताफा निघाला तेव्हा लक्ष्य दुबळं होतं, पोचेपर्यंत तिथे किल्लेकोट उभे राहिलेले असतात, आणि माघारी फिरायचं तर तितकाच लांबचा प्रवास. उलट बचावात तुमच्यासारखा बलवान कुणी नाही, कारण शत्रू कुठल्याही सीमेवर आला तरी तुमचं बळ तिथे क्षणात येतं. आणि हरता कसे? शत्रूनं दार फोडलं की. ग्रह शाबूत आहे, कारखाने चालू आहेत, आरमार अखंड आहे, पण एक दार गेलं आणि तो ग्रह उरलेल्या साम्राज्याला वर्षानुवर्षांच्या अंतरावर गेला. माणसांची हार अशी नसते, लिरांचीही नसते. पुढच्या पुरवण्यांत झूल आणि मॉरिगी हे आणखी दोन वंश आले. झूल अवकाशात भगदाडं पाडून स्वतःच्या वाटा खणतात; मॉरिगींचा थवा जितका मोठा, तितका त्याचा वेग जास्त. मोजून सहा वंश. सहांपैकी एकाचाही अनुभव दुसऱ्याला उसना देता येत नाही.

आणि याच मुद्द्यावर माझी 'स्टेलारिस'वरची जुनी नाराजी आहे. सुरुवातीला या गेममध्येही प्रवासाच्या तीन रीती होत्या, डाव मांडताना एक निवडायची. २०१८ च्या फेब्रुवारीत, दुसऱ्या आवृत्तीत, त्या काढून टाकल्या आणि सगळ्यांना सुरुवातीला एकाच जातीच्या ठरावीक मार्गांवर आणून ठेवलं. करणाऱ्यांचं समर्थन पोकळ नव्हतं, हे मान्य करायला हवं. तीन रीती असताना सरहद्दीवर ठाणी बांधण्यात अर्थ उरत नव्हता. शत्रू कुठूनही घुसे आणि युद्ध म्हणजे ताफ्यांची पाठशिवणी होऊन बसे. सगळे एकाच मार्गानं आले की खिंडी तयार होतात, खिंड अडवता येते, नकाशाला आकार येतो. हे सगळं पटतं. पण खिंड अडवणं हा एका वंशाचा डाव असतो. तो सगळ्यांच्या गळ्यात बांधला, की पुढे कितीही पुरवण्या काढा, प्रत्येक युद्ध खिंडीतच होणार. कर्बेरोसच्या लोकांनी हाच प्रश्न उलट्या बाजूनं सोडवला होता. तिथे खिंड माणसांसाठी असते, लिरांसाठी नसते. तेव्हा माणसांशी लढताना एक संरक्षण लागतं आणि लिरांशी लढताना दुसरं. अडचण काढून टाकण्याऐवजी त्यांनी तिचाच खेळ केला.

"पण काका, ही तर कल्पनेतली जगं. खऱ्या युद्धात कुठे असं असतं?" हा पोरांचा पुढचा प्रश्न. बाळांनो, राहता कुठे?

माहीमच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे बांद्रा दिसतं. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत खाडीपलीकडची ही साष्टी मराठ्यांकडे आली. तेव्हापासून १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणं घेईपर्यंत ही खाडीच सरहद्द होती. अलीकडे माहीमच्या किल्ल्यात इंग्रज, पलीकडे मराठे. त्याआधी, १६८९-९० मध्ये, जंजिऱ्याच्या सिद्दीनं मुंबई बेटावर उतरून माहीम ताब्यात घेतलं होतं. पोर्तुगीज, इंग्रज, सिद्दी, आंग्रे: एवढ्याशा पाण्यात चार सत्ता, आणि चौघांची लढायची तऱ्हा चार प्रकारची.

इंग्रजांची जहाजं उंच, जड, दोन्ही कुशींना तोफांच्या रांगा. समोरासमोर उभी ठाकली तर कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराची धडगत नाही. पण समोरासमोर उभं राहायला कान्होजी वेडे थोडेच होते! त्यांच्याकडे गुराबा आणि गलबतं. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढच्या टोकाला समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की इंग्रजी जहाज जागच्या जागी डुलत राही, आणि गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून त्याच्या पिछाडीला आणून ठेवत, जिथे त्याच्या कुशीतल्या तोफा वळत नसत. अंगावर आलं तर उथळ पाण्यात शिरायचं, खाडीत जायचं, किल्ल्याच्या तोफांच्या सावलीत थांबायचं. इंग्रजांनी १७१७ मध्ये विजयदुर्ग, १७१८ मध्ये खांदेरी आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना जोडीला घेऊन कुलाबा घ्यायचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा हात हलवत परत.

आणि या आरमाराची हार पाहा. फेब्रुवारी १७५६. कान्होजी जाऊन सत्तावीस वर्षं होत आलेली. आता विजयदुर्गावर असलेले तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचं फाटलेलं. समुद्रातून वॉटसनचं इंग्रजी आरमार, जमिनीवर पेशव्यांची फौज आणि क्लाइव्हची माणसं. तुळाजीचं सगळं आरमार विजयदुर्गाच्या कुशीत एकमेकांना खेटून नांगरलेलं होतं. एक तोफगोळा एका जहाजावर पडला, ते पेटलं, त्याच्यावरून शेजारचं पेटलं, आणि बघता बघता अख्खं आरमार जळालं. किल्ल्याच्या आसऱ्याला थांबायची जी रीत त्यांना वाचवत आली होती, तिनंच त्यांना एका जागी कोंडून जाळलं. असं मरण इंग्रजी आरमाराला येऊ शकलं नसतं, कारण ते मुळात तसं जगतच नव्हतं. ज्यावर तुम्ही तगता, त्यातच तुमचा घात दडलेला असणं, याला मी फॅक्शनची खोली म्हणतो. हायव्हरांचं दार आणि आंग्र्यांचा किल्ला यांत मला तरी फरक दिसत नाही.

आता दुसऱ्या बाजूनं येणारा वार. शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर आमचे एक ज्येष्ठ स्नेही आहेत, नाना, बुद्धिबळाचे निस्सीम भक्त. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हापासून तर त्यांच्यापुढे दुसऱ्या कुठल्या खेळाचं नाव काढायची सोय नाही. त्यांचं म्हणणं, "अरे, दोन्ही सैन्यं हुबेहूब सारखी, तरी शतकानुशतकं माणूस त्यात बुडालाय. तुझ्या त्या कीटकांची गरजच काय?"

नाना, तुमचा पहिला भाग मला मान्य आहे. सारख्या सैन्यांतूनही खोली निर्माण होते. गेममध्येही हे घडलंय: १९९९ च्या 'होमवर्ल्ड'मध्ये कुशान आणि ताईदान हे दोन पक्ष दोन-चार खास जहाजं सोडली तर एकमेकांच्या नकला होते, आणि तरी त्या गेममध्ये रात्री सरत, कारण आरमार वर-खाली-आडवं, तिन्ही दिशांत हलवायचं होतं. पण सारखेपणानं खोली येते म्हणून वेगळेपणानं येत नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? शिवाय बुद्धिबळातही सैन्यं सारखी राहतात कुठे? पहिल्या दहा-बारा खेळींत दोन्ही बाजू धडपडून एकमेकांपासून वेगळ्या होतात. एकाची प्यादी पुढे सरसावलेली, दुसऱ्याचे उंट मोकळे. एकाला डाव लवकर संपवायचा असतो, दुसऱ्याला लांबवायचा. तिथून पुढे जे घडतं त्यालाच तुम्ही खोली म्हणता. आणि त्या पहिल्या दहा-बारा खेळी पाठ करून करून लोक कंटाळले म्हणूनच खुद्द बॉबी फिशरनं १९९६ मध्ये ब्युनोस आयर्सला मागच्या रांगेतल्या मोहऱ्यांच्या ९६० मांडण्यांचं बुद्धिबळ जाहीर केलं ना? तुमच्या देवालाही ते अपुरं वाटलं होतं.

आणि आपल्या मातीत वेगळ्या बळांचा पटखेळ नव्हता असं समजू नका. वाघ-बकरी! लेण्यांच्या ओट्यांवर, किल्ल्यांच्या फरसबंदीवर असे पट कोरलेले आढळतात. कुठे तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या, कुठे चार वाघ आणि वीस बकऱ्या. वाघ उडी मारून बकरी खातो. बकरीला वाघ मारताच येत नाही, तिला फक्त त्याची वाट अडवायची. नवशिका बकऱ्या घेऊन बसला की हरणारच, कारण तो बकरीला वाघासारखी खेळवतो. वाघ मरत नाही, कोंडला जातो. बकऱ्या कोंडल्या जात नाहीत, संपतात. दोन फॅक्शन, दोन हारी. बुद्धिबळाचा मान माझ्याही मनात आहे, पण खेळांच्या जगातलं ते एकमेव देऊळ नव्हे.

वाघ-बकरीचं नाव काढलं की लगेच समतोलाचा मुद्दा निघतो. म्हणे, वंश इतके वेगळे केले तर एक भारी ठरणार, मग सगळे तोच घेणार. या भीतीपोटीच गेम करणारे फॅक्शनचे कोपरे घासत घासत त्यांचे गुळगुळीत गोटे करून टाकतात. या भीतीला सगळ्यांत ठसठशीत उत्तर 'स्टारक्राफ्ट'नं देऊन ठेवलंय. १९९८ चा गेम, फॅक्शन तीन. प्रोटॉस थोडे, महागडे, बळकट. त्यांच्या बहुतेक इमारती विजेच्या खांबाच्या टापूतच चालतात, खांब पाडला की कारखाना आंधळा. टेरन कुठेही बांधतात, वेळ पडली तर काही इमारती उचलून उडवत नेतात. झर्ग तर सगळ्यांहून विचित्र. त्यांच्याकडे कामगार, सैनिक, उडणारे, रांगणारे, सगळे एकाच पोळ्यापाशी जन्मणाऱ्या अळ्यांतून निघतात, आणि अळ्या ठरावीक वेगानंच येतात. म्हणजे समोर आलेली प्रत्येक अळी हा प्रश्न असतो: हिचा कामगार करू की सैनिक? कामगार केला आणि हल्ला आला तर मेलात. सैनिक केला आणि हल्ला आला नाही तर भिकेला लागलात. टेरन खेळणाऱ्याला हा प्रश्न या रूपात कधीच पडत नाही.

या तिघांचं बळ सारखं करण्यासाठीची शेवटची दुरुस्ती झाली २००१ मध्ये. त्यानंतर आकड्यांना कुणी हात लावला नाही. तरीही दक्षिण कोरियात या गेमवर टीव्ही वाहिन्या चालल्या, खेळाडूंचे पगारी संघ झाले आणि वर्षानुवर्षं नवे डावपेच निघत राहिले. एखादी बाजू जड होतेय असं दिसलं की नवे नकाशे यायचे: खाणी थोड्या लांब, चढ जरा अरुंद, एखादी मागची वाट. फॅक्शनच्या अंगाला न लावता जमीन बदलायची. वेगळेपणा ठेवून समतोल साधता येतो, फक्त त्याला कष्ट पडतात. आणि जो गेम एकट्यानं खेळायचा, तिथे तर समतोल हवाच कशाला? 'मास्टर ऑफ ओरायन'मध्ये सिलॉन घेतले की डाव सोपा जाई, म्रर्शन घेतले की घाम फुटे. म्हणून कुणी पैसे परत मागितले नाहीत.

पोरांचा एकच मुद्दा खरा जड आहे, आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. कॉम्प्युटरला हे सगळं खेळता येत नाही. फॅक्शन जितक्या निराळ्या, तितकं प्रत्येकीसाठी वेगळं डोकं लिहावं लागतं. ते नीट लिहिलं जात नाही आणि मग समोरचा शत्रू ठोंब्यासारखा वागतो. अगदी खरं. भल्याभल्या गेमची माती इथेच झाली. पण यावर उपाय म्हणून सगळ्यांना सारखं करायचं? आर्सेन या छोट्या कंपनीच्या ख्रिस पार्कनं २००९ च्या 'एआय वॉर'मध्ये नेमकं उलट केलं. कॉम्प्युटरला माणसासारखं खेळायला लावणं त्यानं सोडूनच दिलं. त्या गेममध्ये तुम्ही येता तेव्हा युद्ध संपलेलं असतं आणि यंत्रांनी ते जिंकलेलं असतं. अख्खी आकाशगंगा त्यांची. तुमच्याकडे एक कोपरा. यंत्रांना तुमची दखल घ्यायची गरज वाटत नाही. तुम्ही एकेक ग्रह घेता तसा एक आकडा चढत जातो, आणि तो चढेल तशी त्यांची तुमच्यावरची नजर वळते. म्हणजे ग्रह घेणं, जे बाकी सगळ्या गेममध्ये निर्भेळ चांगलं असतं, तेच इथे धोक्याचं. कुठला घ्यायचा यापेक्षा कुठला सोडायचा याचा विचार करत बसावं लागतं. कॉम्प्युटरला तुमचे नियम पाळायचेच नसल्यामुळे तो तुमच्याइतका चतुर नाही हे उघडं पडत नाही. जो वेगळेपणा अडचण म्हणून सांगितला जातो, त्यानंच ती अडचण सोडवली.

तर मग विविधता हवी कशी? एक उदाहरण आपल्याच घरातलं घेतो. २००९ च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठे निवडून खेळता येतं. भगवं निशाण पाहून मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण खेळायला घेतलं की तोच कारभार: प्रांत जिंका, गव्हर्नर नेमा, कर बसवा, पलटणी उभ्या करा. ते इंग्रजही करतात, मुघलही करतात. अठराव्या शतकातल्या मराठ्यांचं अर्थकारण असं होतं का? मुलूख दुसऱ्याचा, कारभार दुसऱ्याचा, आणि महसुलाचा चौथा हिस्सा आमचा; वर दहावा हिस्सा सरदेशमुखी. ग्रह न जिंकता त्याच्यावर जगणारी सत्ता! सरहद्दी रंगवत बसण्याऐवजी उत्पन्नाच्या वाटा राखणारी. एकाही मोठ्या अवकाश-गेममध्ये अशी फॅक्शन मध्यवर्ती झालेली मी पाहिलेली नाही.

आणि तिची हार इतिहासानंच लिहून ठेवलीय. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर मराठे उभे राहिले तेव्हा उत्तरेतलं कोण सोबतीला होतं? ज्यांच्याकडून वर्षानुवर्षं वसुली केली ते राजपूत घरी बसले. सूरजमल जाट आधीच निघून गेला. पोटात अन्न नाही, पाठीशी मित्र नाही. फौज कमी शूर नव्हती. चौथ देणाऱ्यांची आठवण पक्की होती. हे गेममध्ये आणायचं तर काय करावं लागेल ते अगदी सरळ आहे: वसुली केलेला प्रत्येक ग्रह हिशेब लक्षात ठेवील. कर गोळा करणं सोपं, जलद, बिनखर्चाचं असेल; पण बाहेरचं संकट आलं की तेच ग्रह दारं लावून घेतील. खेळणाऱ्याला दर वर्षी ठरवावं लागेल की यंदा वसूल करू, की सोडून देऊन माणूस जोडू. यासाठी नवा चेहरा काढावा लागत नाही, नवं जहाज रंगवावं लागत नाही. चेहरे रंगवायला चित्रकार मिळतात. हा विचार करायला वेळ कुणी देत नाही, कारण तो खोक्यावर आकड्यात छापता येत नाही.

महाराष्ट्रात गेम करणारी माणसं आता आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' २०२० मध्ये जगभर विकला गेला. तो वेगळ्या जातीचा गेम, पण हात सरावले आहेत हे त्यातून दिसलं. त्यांच्यापैकी किंवा त्यांच्यानंतर येणाऱ्यांपैकी कुणी ताऱ्यांकडे वळणार असेल तर माझी विनंती आहे: वंश चाळीस करू नका, तीनच करा. त्यांतला एक चौथ वसूल करणारा असू द्या. आणि चित्रकाराला बोलावण्याआधी, तिघांपैकी प्रत्येक जण कसा हरेल ते कागदावर लिहून काढा. तिन्ही ओळी सारख्या निघाल्या तर कागद फाडा आणि पुन्हा बसा.